मळसूत्राचे आटे व कोन बदलणारें हत्यार

जव्हार संस्थानच्या मूळ पुरुषाविषयीं एक कथा ठाणें जिल्ह्याच्या इ. स. १८८२ च्या गॅझेटियरांत दिली आहे. मुकणे घराण्याच्या मूळ पुरुषानें जव्हारच्या तत्कालीन राजाकडे एका बैलाच्या कातड्यानें व्यापेल एवढीच जमीन मागितली. राजानें रुकार देतांच त्यानें त्या कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या व त्यांनीं सगळें ठाणेंच वेढून घेतलें. कार्थेज नगरीच्या स्थापनेविषयींही हीच कथा पश्चिमेकडे सांगतात. तेव्हां ती इतिहास म्हणून ग्राह्य धरतां येत नाहीं. परंतु तिच्यांतील युक्ति मात्र खरी आहे. अरुंद पट्टी वळवीत नेली असतां थोड्याशा वस्तूंत फार मोठें अंतर सांठवितां येतें. हीच युक्ति लोखंडाच्या दांड्यावर केली म्हणजे तिला आपण मळसूत्र म्हणतों. या मळसूत्राचा, व तें कापणाऱ्या हत्याराचा, थोडा विचार येथें कर्तव्य आहे.

हा विषय लोहारकामाचा आहे, पोथ्यापुस्तकें जमविणारांस त्याचें काय, अशी शंका वाचकांस येईल. तिचें उत्तर वाचकांच्या घरींच आहे. आपली जुनी पोथी सुट्या पानांची. दोन फळ्यांमध्यें ठेवून ती रुमालांत बांधली कीं काम झालें. तिला दोरी पुरते. परंतु बांधीव पुस्तक आलें, त्याबरोबर बांधणाऱ्याचा शिकंजा आला, आणि शिकंजा म्हटला कीं त्याचा प्राण मळसूत्र. जुने छापखाने, पेट्यांचीं कुलपें, बंदुकांचीं चापें, वेधाचीं यंत्रें, या सर्वांत मळसूत्र आहे. कागदाचा काळ आपण अक्षराच्या वळणावरून ठरवितों. धातूच्या वस्तूचा काळ तिच्या आट्यांच्या वळणावरून ठरवितां येईल काय, हा आमचा प्रश्न आहे.

प्रथम शब्द पाहूं. मराठींत या वस्तूस मळसूत्र व पेच असे दोन शब्द आहेत. पैकीं पेच हा फारसींतून आला. त्याचा मूळ अर्थ पीळ, वेढा. पागोट्याचा पेच, कुस्तीचा पेच, पतंगाचा पेच, पेचांत सांपडणें, हे सर्व त्याच एका पिळाचे प्रकार होत. इ. स. १६६४ सालीं सुरतेच्या स्वारीच्या वेळीं शिवाजी महाराज व जव्हारचे राजे विक्रमशाह यांची भेट जव्हारनजीक शिरपामाळ येथें झाली व राजांनीं महाराजांस शिरपेच अर्पण केला, अशी स्थानिक परंपरा आहे; त्या माळाचें नांवही शिरपेचावरूनच पडलें असें सांगतात. म्हणजे या डोंगराळ मुलुखांत पेच हा शब्द लोखंडावर चढण्यापूर्वीं डोक्यावर चढला होता असें म्हणण्यास हरकत नाहीं. आटे हा तिसरा शब्द कारागिरांचा. मळसूत्राच्या अंगावरील वळशांस ते आटे म्हणतात व ते कापण्यास आटे पाडणें म्हणतात. कोशकारांपेक्षां कारागिरांनीं हा भेद अधिक स्पष्ट राखला आहे.

मळसूत्र हें सर्वस्वी युरोपियनांनीं या देशांत आणलें, असें एक मत आहे. तें जसेंच्या तसें स्वीकारतां येत नाहीं. सरकी काढण्याच्या जुन्या चरखीकडे पाहावें. तिच्यांत दोन लांकडी लाट एकमेकांस चिकटून उलट दिशांनीं फिरतात, आणि त्यांच्या टोकांस कोरलेले मळसूत्री आटे एकमेकांत गुंतलेले असतात. एकाचे उजवे, दुसऱ्याचे डावे. एक लाट फिरविला कीं दुसरा आपोआप फिरतो. ऊंस पिळण्याच्या लांकडी चरकांतही कांहीं ठिकाणीं हीच रचना होती. ज्या सुतारानें हे आटे कोरले त्यास मळसूत्र माहीत नव्हतें असें कोण म्हणेल?

परंतु याच्या उलट पुरावाही तितकाच बळकट आहे. सतराव्या शतकांत हिंदुस्थानांत जे धातूचे पेच करीत त्यांचे आटे पुष्कळदां कापलेले नसत. खिळ्याभोंवतीं तार गुंडाळून ती डाखानें जोडीत, म्हणजे वरून मळसूत्र दिसे. दिसण्यांत उणें नाहीं, पण जोर बसला कीं डाख सुटे. यावरून आमच्या मतें निष्कर्ष असा निघतो कीं, मळसूत्र माहीत असणें ही एक गोष्ट व तेंच मळसूत्र पुन्हां हुबेहूब करतां येणें ही दुसरी गोष्ट. पहिली आपल्याकडे होती, दुसरी नव्हती. आणि ही दुसरी गोष्ट युरोपांतही फार उशिरा आली, हें विसरतां कामा नये.

अलेक्झांड्रियाचा हेरॉन यानें इसवी सनाच्या पहिल्या शतकांत दाबयंत्राच्या मळसूत्राचें व लांकडी नटाच्या आंत आटे पाडण्याच्या साधनाचें वर्णन केलें आहे. द्राक्षें व ऑलिव्ह पिळण्याचें तें यंत्र पुढें छापण्याच्या कामीं आलें, आणि इ. स. १५५६ सालीं गोव्यास जो छापखाना आला त्याच्या जातीचे सगळेच दाब मळसूत्री होते. म्हणजे आपल्या किनाऱ्यावर मोठ्या मळसूत्रानें केलेलें पहिलें नामांकित काम ग्रंथमुद्रणाचें होय. परंतु तेव्हांचें मळसूत्र हातानें आंखून, करवतीनें व कानशीनें कोरलेलें असे. प्रत्येक मळसूत्राचा नट वेगळा. एकाचा दुसऱ्यास लागत नसे. जोड चुकूं नये म्हणून कारागीर नटावर व बोल्टावर सारख्या खुणा ठोकून ठेवीत.

ही अडचण इंग्लंडांत हेन्री मॉड्स्ले (इ. स. १७७१ ते १८३१) यानें ज्या रीतीनें दूर केली ती विशेष लक्षांत घेण्यासारखी आहे. चांगलें मळसूत्र कापण्यास लेथ पाहिजे. हत्यार सारख्या वेगानें पुढें नेण्यास त्या लेथास अगोदरच एक चांगलें मळसूत्र, म्हणजे लीड स्क्रू, पाहिजे. मग पहिलें मळसूत्र कोठून आणावें? बीजवृक्षन्यायाचाच हा प्रश्न. मॉड्स्लेनें चंद्रकोरीच्या आकाराची एक सुरी चौकटींत अशी बसविली कीं, दांड्याच्या अक्षाशीं तिचा कोन इच्छेप्रमाणें बदलून पक्का करतां यावा. लांकूड, कथील किंवा पितळ अशा मऊ पदार्थाचा दांडा फिरूं लागला कीं सुरी त्याच्या अंगांत किंचित् रुते व आपल्या तिरकेपणामुळें स्वतःच पुढें सरके. दांड्यावर आटा उमटे. अशीं अनेक मळसूत्रें करून, त्यांतील उत्तम तें निवडून, त्यावरून पुढचें अधिक चांगलें करावयाचें, हा त्याचा क्रम होता. इ. स. १८०० च्या सुमाराचा त्याचा आटे पाडण्याचा लेथ लंडन येथील सायन्स म्यूझियममध्यें आहे. आधुनिक यंत्रयुगाच्या या मुळाशीं कोन बदलणारें एक लहानसें हत्यार आहे, ही गोष्ट इतिहासकारांच्या नजरेंतून सहसा निसटते.

हत्याराचा कोन बदलतां आलाच पाहिजे, याचें कारण भूमितींत आहे. आटा हा दांड्याभोंवतीं वेढलेला चढ होय. दांड्याचा परीघ हा त्या चढाचा पाया व एका वेढ्यांतील अंतर ही त्याची उंची. उंचीस परिघानें भागलें कीं चढाच्या कोनाची स्पर्शज्या निघते. व्हिटवर्थ मापाच्या अर्ध्या इंची बोल्टास एका इंचांत १२ आटे असतात. त्यांचा चढ सुमारें ३.४ अंश येतो. एक इंची बोल्टास ८ आटे. चढ अडीच अंश. परंतु दोन इंच जाड दांड्यावर एका वेढ्यास एक इंच सरकणारें दाबाचें मळसूत्र असेल तर चढ ९ अंशांवर जातो. जें हत्यार पहिल्या बोल्टास बरोबर बसतें तेंच तिसऱ्या मळसूत्रांत घातलें तर त्याची कूस आट्याच्या भिंतीस घांसते. आटा फाटतो व हत्यार मोडतें. म्हणून एक तर प्रत्येक मळसूत्रास निराळें हत्यार घांसावें, किंवा एकच हत्यार फिरत्या होल्डरांत बसवून चढाप्रमाणें कलतें करावें. हा दुसरा मार्ग शहाण्या कारागिराचा.

दुसरी जुळवणी उंचीची. हत्याराचें टोंक लेथाच्या मध्याच्या बरोबर पातळीस असावें लागतें; वर किंवा खालीं गेलें कीं आट्याचा कोन बिघडतो. हत्यार झिजतें, पुन्हां घांसावें लागतें, आणि घांसलें कीं तें खालीं बसतें. याकरितां होल्डरांतच एक बारीक मळसूत्र ठेवून त्यानें हत्यार वर उचलण्याची सोय करतात. मळसूत्र कापणारें हत्यार मळसूत्रानेंच सांवरावें लागतें. बीजवृक्षन्याय येथेंही सुटला नाहीं. तिसरी जुळवणी दांत्यांच्या चाकांची. लीड स्क्रूस इंचांत ४ आटे असतां १२ आटे पाडावयाचे, तर लेथाच्या आंसावर २० दांत्यांचें व लीड स्क्रूवर ६० दांत्यांचें चाक चढवावें, म्हणजे काम तीन वेढे फिरतें तों लीड स्क्रू एकच वेढा फिरतो.

हत्यार साधलें, मग प्रमाणाचा प्रश्न आला. मॉड्स्लेच्याच कारखान्यांत काम केलेला जोसेफ व्हिटवर्थ यानें इंग्लंडांतील अनेक कारखान्यांचे बोल्ट जमवून ताडून पाहिले व त्यांच्या सरासरीवरून इ. स. १८४१ सालीं ५५ अंशांच्या, माथा व तळ गोल असलेल्या आट्याचें प्रमाण मांडलें. पाठभेद जमवून संशोधित प्रत सिद्ध करणाऱ्या आमच्या वाचकांस ही रीत परकी वाटणार नाहीं. फरक इतकाच कीं, पाठ निवडावा लागतो व आट्याची सरासरी काढतां येते. त्याच १८४१ सालीं मुंबईचे आर्देशर कर्सेटजी वाडिया हे रॉयल सोसायटीचे सभासद झाले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. मुंबईच्या आगबोटींच्या कारखान्याचे ते मुख्य इंजिनिअर होते. अमेरिकेंत इ. स. १८६४ सालीं सेलर्स यानें ६० अंशांचा, माथा सपाट असलेला आटा सुचविला.

महाराष्ट्रीयांत या विद्येस घर मिळालें तें लक्ष्मणराव किर्लोस्कर (इ. स. १८६९ ते १९५६) यांच्यामुळें. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक असलेल्या या गृहस्थांनीं बेळगांवीं सायकलींचें दुकान चालविलें, इ. स. १९०३ सालीं लोखंडी नांगर केला, व १९१० सालीं औंध संस्थानांत, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनीं दिलेल्या जागेवर, किर्लोस्करवाडी वसविली. नांगराचा फाळ झिजला कीं बदलावा लागतो. गांवोगांवच्या शेतकऱ्यास तो स्वतः बदलतां यावा तर नट व बोल्ट एकाच मापाचे पाहिजेत. म्हणून नांगराच्या इतिहासांत आट्यांचा इतिहास पोटांत असतो. पुढें १९४१ सालीं हरिहर येथें किर्लोस्करांचा लेथ करण्याचा कारखाना निघाला. आतां तो बंद पडला आहे. औंध व जव्हार हीं दोन्ही लहान संस्थानें. एकाच्या माळावर कारखाना उभा राहिला. दुसऱ्याच्या वांट्यास तो आला नाहीं.

जव्हार-मोखाड्यास आगगाडीही आली नाहीं. दक्षिणेकडे कसाऱ्याच्या घाटानें १८६५ सालीं रूळ इगतपुरीस पोंचला, पश्चिमेस डहाणूच्या बाजूनें दुसरा गेला. हा डोंगराळ प्रदेश मध्यें राहिला. आमच्या मतें याच कारणास्तव हा प्रदेश या अभ्यासास विशेष योग्य आहे. जेथें कारखाना नाहीं तेथें जुनी वस्तु मोडीत जाण्यापूर्वीं पुष्कळ दिवस दुरुस्त होत राहते, आणि दुरुस्तीच्या प्रत्येक थराचे आटे निराळे असतात. जव्हारच्या राजवंशास दिल्लीच्या बादशहाची मान्यता मिळाली तो ५ जून १३४३ हा दिवस धरून संस्थानाचा स्वतंत्र शक चाले व तो सरकारी कागदांत लिहीत, असें गॅझेटियर सांगतो. कागदावरील तो शक वाचणारे आज आहेत. लोखंडावरील शक वाचणारे पाहिजेत.

तो वाचण्याची रीत सोपी आहे. तार डाखानें जोडलेली असेल तर तें जुन्या देशी पद्धतीचें काम. आटे कापलेले पण विषम, व नटबोल्टांवर जोडीच्या खुणा असतील तर तें हातकाम. आटे सम, ५५ अंशांचे, गोल माथ्याचे व इंचाच्या मापाचे असतील तर तें १८४१ नंतरचें. ६० अंशांचे व मिलिमीटरच्या मापाचे असतील तर या प्रांतीं तें बहुधा मेट्रिक मापें सुरू झाल्यानंतरचें. तत्संबंधीं कायदा १९५६ सालीं झाला व १ ऑक्टोबर १९५८ पासून अंमल टप्प्याटप्प्यानें सुरू झाला. मात्र ६० अंशांचा इंची आटा अमेरिकन वस्तूंत पूर्वींही सांपडेल. शिवाय मळसूत्र हें केवळ स्वतःपुरता साक्षीदार असतें. कुलपांतील एक पेच नवा निघाला म्हणून कुलूप नवें ठरत नाहीं, दुरुस्ती नवी ठरते. हा विवेक सुटला तर हें प्रमाण उपकारक होण्याऐवजीं अनर्थकारक होईल.

यास्तव संग्राहकांस आमची विनंती आहे. जुनी वस्तु हातीं आली कीं तिचे गंजलेले पेच काढून चकचकीत नवे बसविण्याची जी हौस आहे ती आवरावी. पेच काढावाच लागला तर त्यास चिठी बांधून ठेवावा. शिलालेखाचा ठसा आपण घेतों त्याप्रमाणें आट्यांवर कागदाची पट्टी ठेवून शिसपेन्सिलीनें घांसावें, म्हणजे आट्यांचा ठसा उमटतो. मग एका इंचांत किती वेढे आहेत तें मोजून पट्टीवरच लिहून ठेवावें. जुन्या कातारी व लोहार घराण्यांकडे कलतीं हत्यारें, होल्डर व चाकांच्या दांत्यांचीं टिपणें असतील तर तीं भंगाराच्या भावानें जाऊं देऊं नयेत. ज्यानें किल्ला बांधला त्याची सनद आपण जपतों. ज्यानें त्याच्या दरवाजाचा पेच कातला त्याचा लेख त्या पेचावरच आहे, व एकदां तो पेच बदलला कीं त्याची दुसरी प्रत कोठेंही मिळावयाची नाहीं.