पहिले ई-पत्र : पत्ता, लिपी आणि दफ्तर



ज्या गुरुवर्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आम्हां मुलांकडून दर शनिवारी एक पत्र लिहून घेत. मायना, मजकूर, पत्ता असे तिहींचे निरनिराळे गुण असत आणि पत्त्यात चूक झाली तर उरलेले दोन्ही ते कापून टाकीत. "पोहोचलेच नाही तर त्याला पत्र कोण म्हणेल?" असे त्यांचे म्हणणे असे. आजच्या विषयाची निवड मी त्या शनिवारांना स्मरून केली आहे. इतिहासाच्या व्याख्यानात संगणक कशाला, असे कोणास वाटेल. परंतु आमच्या पिढीने पहिले ई-पत्र धाडले तो प्रसंगही आता इतिहासजमा झाला आहे, आणि त्याची कागदपत्रे पेशवाईतील कागदांहूनही दुर्मिळ होत चालली आहेत.

प्रथम पत्त्याविषयी. १५ ऑगस्ट १९७२ रोजी आपल्या देशात पिनकोड सुरू झाला. त्याची आखणी करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृतचे नामवंत कवी होते, ही गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक नसावी. धारवाडचा ५८०००१ हा आकडा पाहा. पहिला ५ कर्नाटक-आंध्राचा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून वर्गीकरणाचा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन वाटप करणारे टपाल कार्यालय दाखवितात. पाकिटावर आपण नाव आधी लिहितो व गाव शेवटी. पण पत्रे निवडणारा मात्र खालून वर वाचतो. ई-पत्राचा पत्ताही असाच उलटा वाचला जातो. उजवीकडे देश किंवा संस्थेचा वर्ग, मग यंत्राचे नाव, आणि अगदी डावीकडे, ॲट या चिन्हाच्या अलीकडे, माणूस.

ते चिन्ह तेथे बसविले रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने, १९७१ साली. त्याने पहिले पत्र पाठविले ते एकाच खोलीत शेजारी-शेजारी असलेल्या दोन यंत्रांमध्ये. त्यात काय लिहिले होते, हे त्याला स्वतःलाही पुढे आठवेना. जगातील पहिल्या ई-पत्राचा मजकूर उपलब्ध नाही, ही गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्याने मनात ठेवावी. तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

आपल्याकडे हा व्यवहार १९८६-८७च्या सुमारास 'अर्नेट' या शैक्षणिक जाळ्यातून सुरू झाला. मुंबईत जुहू येथे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र होते. ते आणि पवईची आय.आय.टी. यांच्यात झालेली देवघेव ही भारतातील आरंभीच्या ई-पत्रांपैकी होय. सामान्य माणसाला मात्र १५ ऑगस्ट १९९५ पर्यंत थांबावे लागले. त्या दिवशी विदेश संचार निगमने इंटरनेटची सेवा प्रथम मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथे खुली केली. पिनकोड आणि इंटरनेट या दोघांचाही जन्म स्वातंत्र्यदिनी व्हावा हा योगायोगच. त्यातून काही अर्थ काढण्याचा मोह मी टाळतो.

आता माझ्या पहिल्या पत्राची हकीकत. साल १९९८. माझा पुतण्या अमेरिकेत शिकत होता. हुबळीतील एका स्नेह्यांच्या कचेरीत संगणक होता व त्यात आऊटलुक एक्सप्रेस ही पत्रप्रणाली होती. या कुळातील जुनी व नावाजलेली प्रणाली म्हणजे 'यूडोरा'. ती १९८८ साली इलिनॉय विद्यापीठात स्टीव्ह डॉर्नर याने रचली. पोस्ट ऑफिसात जाऊन राहणाऱ्या एका बाईची यूडोरा वेल्टी या लेखिकेची कथा त्याने वाचली होती, म्हणून प्रणालीला त्या लेखिकेचे नाव दिले. अशा प्रणालीत पत्र आधी आपल्याच यंत्रात, फोन न जोडता, सावकाश लिहावयाचे. ते 'आऊटबॉक्स' नावाच्या कप्प्यात पडून राहते. मग मोडेम दूरध्वनीची तार ताब्यात घेतो, शिट्टी आणि खरखर यांचे एक चमत्कारिक मिश्रण ऐकू येते, आणि जोडणी झाली की जाणारी पत्रे एका दाराने जातात व येणारी दुसऱ्या दाराने उतरतात. मिनिटांचे पैसे पडत असल्यामुळे लगेच तार सोडावयाची. टपालपेटीत पत्र टाकून पोस्टमनची वाट पाहणाऱ्या माणसाला ही रीत परकी वाटली नाही.

परकी वाटली ती लिपी. वहिनी धारवाडहून मुद्दाम आल्या होत्या. त्या सांगत होत्या, मी लिहीत होतो. "चि. यास अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि." येथपर्यंत सांगून त्यांनी पडद्याकडे पाहिले आणि विचारले, "हे इंग्रजीत कशाला लिहिताय?" मी म्हणालो, "मराठीच आहे, अक्षरे तेवढी इंग्रजी." त्या काही बोलल्या नाहीत. त्या पत्रातील मुख्य बातमी अशी होती की, आमचा धारवाडचा वाडा विकावयाचे ठरले आहे. रोमन अक्षरांत 'वाडा' आणि 'वडा' एकच. चौथ्या दिवशी पुतण्याचे उत्तर आले, "काका, वडा विकायचा म्हणजे कुणी हॉटेल काढलं का?" आम्ही हसलो, पण वहिनी हसल्या नाहीत. त्या रात्री शेवटी फोनच करावा लागला.

हे असे का झाले? दोष मराठीचा नव्हता, आणि यंत्राचाही नव्हता. ई-पत्राची वाहतूक ज्या नियमांनी चालते, ते १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी लिहून काढले. त्यांत अक्षरासाठी सातच अंश धरले होते, म्हणजे सर्व मिळून १२८ चिन्हे. इंग्रजीची लहान-मोठी अक्षरे, आकडे व विरामचिन्हे यांतच ती जागा संपली. इकडे भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' नावाची सांकेतिक व्यवस्था तयार झाली होती व १९९१ साली तिला राष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. कानपूरच्या आय.आय.टी.त सुरू झालेल्या आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेल्या या कामात मोहन तांबे यांचा मोठा वाटा होता. इस्कीने आपली अक्षरे १२८ च्या वरच्या घरांत बसविली, म्हणजे आठवा अंश आवश्यक झाला. तो अंश एखाद्या जुन्या यंत्राने वाटेत छाटला की संख्येतून १२८ वजा होत. 'क' चा क्रमांक १७९. तो उतरून ५१ झाला की पलीकडे 'क' च्या जागी इंग्रजी ३ हा आकडा दिसे. १९९२ साली निघालेल्या 'माइम' या पद्धतीने अशी अक्षरे सात अंशांच्या वेशात सुखरूप नेण्याची सोय केली खरी. तथापि पलीकडच्या यंत्रात तोच टंक नसेल तर पोहोचलेले पत्रही वाचता येत नसे.

येथे हुबळी-धारवाडकरांनी थोडे थांबावे असे मला वाटते. इस्कीत देवनागरी 'क' आणि कानडी 'क' यांचा क्रमांक एकच होता. एक आज्ञा दिली की तोच मजकूर दुसऱ्या लिपीत उमटे. ज्या गावात घरात मराठी आणि दारात कानडी बोलली जाते, ज्या गावचे बेंद्रे मातृभाषा मराठी असून कानडीचे ज्ञानपीठविजेते कवी झाले, त्या गावाला याहून शोभेशी व्यवस्था कोणती? पुढे युनिकोड आले. त्याने इस्कीचाच क्रम घेतला, परंतु प्रत्येक लिपीला स्वतंत्र घर दिले. देवनागरी 'क' २३२५ वर आणि कानडी 'क' ३२२१ वर. व्यवहाराला हेच सोयीचे ठरले हे मान्य केले पाहिजे, कारण एकाच पत्रात दोन्ही लिप्या निर्वेध लिहिता आल्या. पण ती जुनी एकोप्याची व्यवस्था मोडली याची थोडी हळहळ मला वाटते. कळफलकावर मात्र ती टिकून आहे. इन्स्क्रिप्ट पद्धतीत दोन्ही 'क' एकाच कळीवर आहेत.

लिपी बदलल्याने वाचक तुटतात, हे आपण मोडीच्या बाबतीत पाहिले आहे. माझ्या आजोबांच्या रुमालातील मोडी कागद घरातील आम्ही कोणी वाचू शकत नाही. पण ते कागद आहेत. कोणी मोडी जाणणारा भेटला की ते बोलू लागतात. आमच्या ई-पत्रांचे तसे नाही. त्या काळच्या प्रणाली बहुधा पत्र आपल्या यंत्रात उतरवून घेत आणि दूरच्या यंत्रावरील प्रत पुसून टाकीत; तेथे जागा थोडी व महाग असे. म्हणजे पत्राची एकच प्रत, एकाच तबकडीवर. १९९८ ते २००१ या काळात पुतण्याची जवळजवळ सर्व पत्रे माझ्या संगणकात होती. त्याचे पहिले पगाराचे पत्र होते, लग्नाची बातमी होती, वाड्याच्या वाटणीविषयी भावाभावांत झालेला, काहीसा कडू, पत्रव्यवहार होता. २००१ च्या पावसाळ्यात तबकडी बंद पडली आणि ते सर्व गेले. दुसरी प्रत ठेवली नाही, ही चूक सर्वस्वी माझी. ज्या माणसाने आयुष्यभर विद्यार्थ्यांना अस्सल आणि नक्कल यांतला भेद शिकविला, त्याने आपल्या घरच्या दफ्तराची नक्कल करून ठेवू नये, याला काय म्हणावे!

आपणही आठवून पाहावे. इनलँड पत्रांचे गठ्ठे पुष्कळांच्या घरी, तारेत ओवलेले, अजून असतील. १९९५ नंतरच्या सात-आठ वर्षांतली पत्रे किती जणांकडे आहेत? पुढे पत्रे दूरच्या यंत्रांवरच राहू लागली, देवनागरीही सहज लिहिता येऊ लागली. मधला तो पट्टा मात्र कोरा राहिला. वाडे विकले जाणे, मुले परदेशी स्थायिक होणे, घरांची वाटणी होणे, हे सारे आमच्या अनेक कुटुंबांत नेमके त्याच वर्षांत घडले.

वाड्याच्या बातमीचे ते पहिले पत्र मात्र उरले आहे. त्या दिवशी वहिनींनी आग्रह धरला म्हणून स्नेह्यांनी ते कागदावर छापून दिले होते. वहिनी गेल्यावर त्यांच्या पेटीत ते सापडले. रोमन ओळींच्या वर, पेन्सिलीने, प्रत्येक शब्द त्यांनी बाळबोध अक्षरात पुन्हा लिहून काढला होता, आणि 'वाडा' या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या होत्या.