श्रेणीबद्ध विषमता

जातिव्यवस्थेतील उतरंडीचे स्वरूप स्पष्ट करणारी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची संकल्पना. उतरंडीत बहुतेक जाती कोणाच्या तरी खाली असतात, तशा कोणाच्या तरी वरही. वरच्यांचा जाच सोसणाऱ्यालाही खालच्यांसमोर मिरवण्यापुरता मान मिळतो. त्यामुळे व्यवस्था मोडण्यापेक्षा आपली पायरी राखण्याकडे कल राहतो आणि पीडितांची एकजूट होत नाही. घरकामाच्या बाईंसाठी वेगळा ठेवलेला कप, जातीतच जुळवलेली लग्ने, आडनावावरून जातीचा घेतलेला अंदाज अशा रोजच्या सवयींमुळे विषमता स्वाभाविक वाटू लागते. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिऊन सत्याग्रहींनी अस्पृश्यांना सार्वजनिक पाणी नाकारणाऱ्या रूढीला जाहीर आव्हान दिले. संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. तथापि घरातील व विवाहातील भेद बव्हंशी कायद्याच्या आवाक्याबाहेर टिकून आहेत.