भिंतीवरचं लाकूड कोणाचं?

मागच्या व्याख्यानानंतर एक बाई थांबल्या होत्या. भाड्याच्या घरात बैठकीच्या खोलीला लाकडी पॅनेल लावून घ्यायचं आहे, ते चिकटवावं की ठोकावं, असं त्यांनी विचारलं. तत्त्वज्ञानाच्या मास्तराला हे काय विचारायचं, असं मला क्षणभर वाटलं. पण घरी जाताना लक्षात आलं की बाईंच्या प्रश्नावर इंग्लंडात चारशे वर्षांपूर्वी वकिलांनी भरपूर डोकं चालवलेलं आहे. आज तेच सांगतो.

फळ्यांनी मढवण्याला आपला जुना शब्द तक्तपोशी. इंग्रजांचा वेन्स्कॉट. गंमत म्हणजे हा शब्द मुळात भिंतीचा नव्हेच, तो मालाचा आहे. बाल्टिक समुद्राकडून, डान्झिगसारख्या बंदरांतून ओकच्या फळ्या जहाजाने इंग्लंडात येत, त्या फळ्यांचं हे नाव. ओंडका गाभ्यापासून सालीकडे, कलिंगडाच्या फोडींसारखा फाडून त्या काढत. अशी फळी कमी फुगते आणि कमी वाकते. पुढे त्या फळ्यांनी मढवलेल्या भिंतीलाच वेन्स्कॉट म्हणू लागले. विल्यम हॅरिसनने 1577 मध्ये इंग्लंडचं वर्णन लिहिलं. त्यात तो म्हणतो की लोक भिंतींना देशी ओक किंवा पूर्वेकडून आणलेलं वेन्स्कॉट लावतात आणि त्याने खोल्या उबदार होतात. म्हणजे सगळीच हौस नव्हे, थंडीही होती.

आता ही मढवणी घराचा भाग की घरातलं सामान? त्या काळी लोक मृत्युपत्रात पलंग-पेट्यांबरोबर तिचीही वाटणी करत. घर बदललं की काढून नेत. भिंत थोरल्याची आणि भिंतीवरचं लाकूड विधवेचं, असं होऊ शकत होतं! तंटे होणारच. सोळाव्या शतकाच्या अखेरीस न्यायालयांनी ठरवलं की लाकूड एकदा भिंतीला लागलं की ते घराचंच, मग ते मालकाने लावलेलं असो की भाडेकरूने. एडवर्ड कोकच्या निवाड्यांत हे आहे, आणि तिथे आणखी एक बारकावा आहे. खिळा मोठा की छोटा, की स्क्रू, याने काही फरक पडत नाही.

वकिलाला पडत नसेल. सुताराला पडतो, आणि फार पडतो!

पावसाळ्यात आपलं दार अडकतं ना, तोच हा प्रकार. लाकूड लांबीत जवळपास बदलत नाही, पण रुंदीत बदलतं. फूटभर रुंद फळी ऋतूप्रमाणे दोन-तीन मिलिमीटर सहज कमी-जास्त होते. तिला चारी बाजूंनी खिळलं तर ती तडकते. म्हणून कारागिरांनी उभ्या-आडव्या पट्ट्यांची चौकट केली, सांध्यात कुसू बसवून लाकडी खुंटी ठोकली, आणि मधली फळी पट्ट्यांच्या खाचेत नुसती सरकवली. गोंद नाही, खिळा नाही. चौकट पक्की, फळी सैल. लंडनमध्ये खिळ्यांनी काम करणारे आणि सांधे करणारे अशा दोन संघांचं भांडण इतकं वाढलं की 1632 मध्ये शहराच्या आल्डरमनांना कामं वाटून द्यावी लागली. वेन्स्कॉट सांधेवाल्यांकडे गेलं.

हे काम खरोखर सुटं असतं, याचा पुरावा सायझर कासलचा. तिथल्या एका खोलीची एलिझाबेथकालीन जडावाची मढवणी 1891 मध्ये लंडनच्या संग्रहालयाला विकली गेली, आणि 1999 मध्ये ती परत त्याच खोलीत येऊन बसली, उसनी म्हणून. कोकसाहेब काय म्हणाले असते कोण जाणे.

तर बाई, तुमचं. आधी भिंतीची ओल बघा. ओल्या भिंतीवर लाकूड लावणं म्हणजे वाळवीला आमंत्रण. पावसाळा संपू द्या, लाकूड त्याच खोलीत दोन आठवडे ठेवा. भिंतीला पट्ट्या स्क्रूने बसवा, मागे हवा खेळू द्या, चौकट त्या पट्ट्यांवर लावा. प्लाय असेल तर पट्ट्यांना चिकटवलं तरी चालेल, अस्सल लाकूड असेल तर फळी सैलच राहू द्या. पॉलिश किंवा रंग फळी खाचेत घालण्याआधी द्या, नाहीतर उन्हाळ्यात ती आकसली की कडेला कोऱ्या लाकडाची रेघ दिसते. नंतर रंगवलं तर खाच रंगाने बुजवू नका. ओलं फडकं नको, कोरडं पुरे, आणि कधीतरी मेणाचा पातळ हात.

आणि कोकला घाबरू नका. आपल्या 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं 108 वं कलम भाडेकरूच्या बाजूचं आहे. करारात किंवा स्थानिक प्रथेत वेगळं काही नसेल, तर ताबा असेपर्यंत तुम्ही जोडलेली वस्तू काढून नेता येते, फक्त जागा मिळाली तशी परत द्यायची. भिंतीला थेट चिकटवलंत तर प्लास्टर सोलूनच निघेल. स्क्रूची भोकं मात्र लांबी भरून बुजवता येतात. भाडेकरार एकदा वाचून घ्या, आणि मालकाशी झालेलं बोलणं कागदावर असू द्या.