पालघाटीचा चौक

दिल्लीच्या करोल बागेत अजमल खान रोडवर कपड्यांच्या ढिगात तो कुर्ता हमखास हाती लागतो. विटकरी कापड आणि काठाला पांढऱ्या माणसांची रांग. टोकाला टोक लावून जोडलेले दोन त्रिकोण, वर वाटोळं डोकं, काडीसारखे हातपाय. ही 'वारली प्रिंट' आहे, हे विकणाऱ्याला ठाऊक असतं आणि घेणाऱ्यालाही. तारपा वाजवणारा असतो, त्याच्याभोवती नाचाचा फेर असतो, ताडाचं झाडही असतं. पालघाट मात्र नसते. खरं तर वारली चित्राची कुळकथा तिच्यापासूनच सुरू होते.

पालघाट ही झाडाझुडपांची देवी. पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरी भागात वारली आदिवासींच्या घरी लग्न निघालं की तिचा चौक काढायचा. तो काढायचा मान सवासिनींचा. कुडाच्या भिंतीवर आधी शेणमातीचा लेप आणि वर गेरू. मग तांदूळ वाटून केलेलं पांढरं पीठ पाण्यात कालवायचं आणि बांबूची काडी टोकाला चावून तिचा कुंचला करायचा. कूड कारवीचा, रंग भाताचा, कुंचला बांबूचा. झाडांच्या देवीचं चित्र असं झाडांनीच साकारतं. लग्नविधी करणारी धवलेरी गाणी म्हणते आणि चौकटीत हात पसरलेली पालघाट उभी राहते. तिच्या भोवती झाडं, वेली, जनावरं, सूर्य-चंद्र. जवळून पाहिलं तर एकेका झाडाचं पानन् पान वेगळ्या रेघेनं काढलेलं असतं. तीच रेघ कुठे ठसठशीत दिसते, तर कुठे काडी कोरडी पडत आल्यानं पुसट. छापाच्या कापडावर हा फरक उमटत नाही, सगळी माणसं एका मापाची होतात.

हा चौक टिकावा म्हणून कुणी काढत नसे. लग्न उरकलं, पावसाळे गेले, भिंत पुन्हा सारवली की तो मातीत मिसळून जाई.

भिंतीवरून कागदावर तो आला दिल्लीमार्गे. पुपुल जयकर यांच्या पुढाकारानं दिल्लीच्या हस्तकला मंडळाच्या कामावर असलेले चित्रकार भास्कर कुलकर्णी १९६० च्या दशकातल्या दुष्काळात कागद घेऊन बिहारमधल्या मधुबनीला गेले होते. पुढं १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते वारली पाड्यांवर पोहोचले. कागद-रंग बायकांपुढे ठेवले तर त्या बुजल्या आणि गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी मात्र काडी उचलली, असं सांगतात. १९३४ साली जन्मलेल्या म्हसेंच्या लहानपणीच त्यांची आई गेली. त्या धक्क्यानं मुलाची वाचा गेली आणि तो धुळीत बोटानं चित्रं काढून मनातलं सांगू लागला. लग्नाची वाट न पाहता रोज चित्र काढणारा हा पुरुष मासेमारीचं जाळं काढायला बसला, की अख्खा कागद बारीक रेघांनी भरून टाकी. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ साली ते गेले.

जवळपास त्याच सुमारास, १९७१ मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात पापुन्या इथं आदिवासी पुरुषांनी शाळेच्या भिंतीवर मधमुंगीचं चित्र काढलं. त्यांना उत्तेजन देणारे जेफ्री बार्डन शाळामास्तर होते. वाळूवर नि अंगावर काढायच्या खुणा तिथं फळ्यांवर आणि मग कॅनव्हासवर आल्या. १९८९ मध्ये पॅरिसच्या 'मॅजिशियन द ला तेर' या प्रदर्शनात म्हसेंची चित्रं होती आणि ऑस्ट्रेलियातल्या युएंडुमूहून आलेल्या वार्लपिरी लोकांनी जमिनीवर रानकंदाचं चित्र मांडलं होतं. वारली आणि वार्लपिरी! नावं जुळली हा योगायोग, पण दोघंही मातीवरची नि झाडामुळांची चित्रं घेऊन आले होते, हा योगायोग नव्हे.

ऑस्ट्रेलियाच्या त्याच वाळवंटातल्या चित्रकार एमिली कामे कँगवरे यांची गोष्ट इथं सांगायलाच हवी. 'कामे' म्हणजे रानकंदाचं बी. बायकांच्या विधीत त्या छातीवर-खांद्यावर रंगाचे पट्टे ओढत. १९७७ पासून बाटिक केलं आणि ऐंशीच्या उंबरठ्यावर असताना, १९८८-८९ च्या उन्हाळ्यात, कॅनव्हास हाती घेतला. १९९६ मध्ये निधन होईपर्यंत त्या चित्रं काढतच राहिल्या. कंदाच्या जमिनीखालच्या मुळ्या त्यांच्या चित्रांत गुंतून फैलावतात.

तिथं बाईची कला बाईच्याच नावानं जगभर गेली. इकडे पिढ्यान् पिढ्या चौक काढणाऱ्या सवासिनींची नावं कुठल्या कागदावर आली नाहीत, आणि ही उणीव मोठी आहे. म्हसेंच्या थोरवीला त्यानं बाध येत नाही. ते शिकले ते याच बायकांच्या भिंती पाहून. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे या नावावर मुलखाचा हक्क लागला. पाड्यावर आजही लग्न ठरलं की सवासिनी तांदूळ भिजत घालतात.