हिराई : एका नांवाची कुळकथा

चंद्रपूरच्या महाकालीची यात्रा चैत्रांत भरते. नांदेड-परभणीकडून आणि तेलंगणांतून हजारों भाविक येतात, झरपट नदींत स्नान करतात आणि देवीच्या नांवाचा गजर करीत देवळांत शिरतात. परंतु तें देऊळ जिनें बांधविलें, त्या राणीचें नांव त्या गजरांत ऐकूं येत नाहीं. तिचें नांव हिराई. मराठी मुलींच्या नांवांत तें आज इतकें विरळ आहे कीं, कोणाच्या घरीं तें ऐकलें तर तें आजीचेंच असावें असें वाटतें. हें नांव कोठून आलें, त्याचा अर्थ काय, आणि तें मागें कां पडलें, याचा थोडा विचार आम्ही येथें करणार आहों.

नांवाचे दोन अवयव उघड दिसतात. संस्कृत 'हीर' किंवा 'हीरक' या शब्दापासून मराठी 'हिरा' झाला. त्या एका शब्दानें आमच्या इतिहासाला व आख्यायिकांना किती नांवें दिलीं पाहा : रायगड बांधणारा हिरोजी इंदुलकर, त्याच गडाचा कडा उतरून तान्ह्याकडे धांवणारी हिरकणी, आणि घरोघरची हिराबाई. दुसरा अवयव 'आई'. रखुमाई, तुकाई, यमाई या देवता. मुक्ताई, जनाई या संत स्त्रिया. तुकोबांची पत्नी जिजाई. या सर्व नांवांतील 'आई' नातें सांगत नाहीं, मान सांगते. तेव्हां हिऱ्यासारखी मोलाची आणि आईसारखी पूज्य, असा हिराई या नांवाचा सरळ अर्थ होतो.

पण चांद्याच्या मुलखांत 'हिरा' हा केवळ अलंकारिक शब्द नव्हता. आजच्या गडचिरोली जिल्ह्यांतील आरमोरी तालुक्यांत वैरागड नांवाचें गांव आहे. त्याचें जुनें नांव वज्राकर, म्हणजे हिऱ्याची खाण. जुन्या मराठींत 'वैरागर' या शब्दाचा अर्थही हाच. चोळ राजा पहिला कुलोत्तुंग हा १०७० मध्यें गादीवर येण्यापूर्वीं या मुलखांत आला होता, आणि त्याच्या तामिळ लेखांत 'वयिरागरम्' येथें हत्ती पकडल्याचा उल्लेख आहे. पुढें सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलानें 'ऐन-इ-अकबरी'मध्येंही येथील हिऱ्यांच्या खाणीची नोंद केली. ज्या राज्याच्या मातींतून हिरे निघत, त्या राज्याच्या राणीचें नांव हिराई असावें, यांत आम्हांस तरी निव्वळ योगायोग दिसत नाहीं.

त्या राजघराण्याची नामावळीही या दृष्टीनें पाहण्याजोगी आहे. चांदा वसविणारा म्हणून परंपरा ज्याला ओळखते तो खांडक्या बल्लाळशहा. 'बल्लाळ' हें नांव दक्षिणेकडील राजकुळांत प्रसिद्ध, 'शहा' फारसी. त्याचा पुत्र हीरशहा. जंगल तोडून शेत करील त्याला शेत, आणि तलाव बांधील त्याला त्याच्या पाण्याखालची जमीन, असें हीरशहानें जाहीर केल्याचें सांगतात. मूळचें गोंड असलेलें हें घराणें शेजारच्या कोणत्याही भाषेला परकें मानीत नव्हतें. हिराई हें मराठी वळणाचें नांव त्या मोकळ्या वृत्तीचीच खूण होय.

हिराई ही बीरशहाची राणी. अठराव्या शतकाच्या आरंभीं बीरशहाचा खून झाला, आणि मारेकऱ्याचें नांव परंपरा हिरामण असें सांगते. एकाच रत्नाचीं हीं दोन नांवें एका कथेंत अशीं समोरासमोर यावींत, हें विलक्षण खरें. राणीला पुत्र नव्हता. तिनें चंदनखेड्याच्या शाखेंतील रामशहाला दत्तक घेतलें आणि तो जाणता होईपर्यंत राज्याचा भार स्वतः वाहिला. त्याच सुमारास साताऱ्याकडे ताराबाई आपल्या अल्पवयी पुत्राच्या नांवें मोंगलांशीं झुंजत होती, हें लक्षांत घेतलें म्हणजे हिराईचा काळ डोळ्यांपुढें उभा राहतो. पतीच्या स्मरणार्थ अचलेश्वराजवळ तिनें बांधविलेली भव्य समाधि आणि महाकालीचें मंदिर, हीं आजही उभीं आहेत.

मग ताराबाईचें नांव मराठी घरांतून रुळलें, अहिल्येचें रुळलें, आणि हिराईचें कां रुळलें नाहीं? आमच्या मतें कारणें तीन आहेत. पहिलें राजकीय. १७५१ मध्यें रघूजी भोसल्यांनीं चांद्याचें राज्य खालसा केलें, १८५४ मध्यें नागपूरचें राज्य इंग्रजांकडे गेलें, आणि हिराईची कीर्ति गाणारा दरबारच उरला नाहीं. दुसरें कारण शिक्षणाचें. आमचीं क्रमिक पुस्तकें बहुधा सह्याद्रीच्या कड्यांवरून लिहिलीं गेलीं. वैनगंगेच्या पलीकडचें अरण्य त्यांत क्वचितच आलें. तिसरें कारण रुचीचें. 'बाई' हा प्रत्यय सर्वसाधारण झाला, म्हणून नाटककार हिराबाई पेडणेकर व गायिका हिराबाई बडोदेकर हीं नांवें सहज वाटलीं. 'आई' मात्र देवता, संत आणि वृद्धा यांच्याकडे राहिली. पाळण्यांतल्या मुलीला 'आई' म्हणावें कसें, असा संकोच सुशिक्षित घरांत वाढला, आणि पुढें दोन-तीन अक्षरी सुटसुटीत नांवांची आवड आली तेव्हां 'बाई'ही गेली. आज चंद्रपूरच्या वीजकेंद्राच्या विश्रामगृहाला हिराईचें नांव आहे. इमारतीला जें चाललें तें मुलीला चालूं नये, हें नवल होय.

संकोचाचें उत्तर त्याच प्रत्ययांत आहे. मुक्ताई 'आई' म्हणविली गेली तेव्हां ती वृद्ध नव्हती. कोवळ्या वयांतच तिनें जग सोडलें. तो मान वयाचा नव्हता, अधिकाराचा होता. हिराईनेंही तो दुसऱ्याच्या पोटच्या मुलाला आपला म्हणून आणि पोरक्या राज्याला सांभाळून मिळविला.

आपण मुलींना कोणाचीं नांवें देतों, यावरून आपण कोणाला पूर्वज मानतों हें कळतें. पुण्या-साताऱ्याच्या स्त्रिया आपल्या, आणि गोंडवनाच्या मात्र परक्या, असा भेद कोणीं बोलून दाखवीत नाहीं. बारशाच्या दिवशीं तो आपोआप होतो. म्हणून एखाद्या घरीं हिराई हें नांव ठेवलें जावें, अशी आमची इच्छा आहे. मात्र केवळ नादमधुर म्हणून तें उचलूं नये. मुलगी विचारूं लागेल तेव्हां तिला सांगावें कीं, हें नांव एका गोंड राणीचें आहे, आणि तिनें बांधलेल्या देवळांत आजही चैत्रांत हजारों लोक आईला हांक मारीत येतात.