पुरुषांतील स्तन-कर्करोग : इतिहास

पुरुषाच्या स्तनाग्रामागे अल्प प्रमाणात असणाऱ्या स्तन-ऊतकात उद्भवणारा कर्करोग. यौवनारंभापूर्वी मुलगा व मुलगी यांच्या स्तनांची रचना जवळजवळ सारखीच असते. पुढे मुलांत तिची वाढ खुंटते. परंतु दुग्धनलिकांचे अवशेष कायम राहतात व हा रोग बहुधा त्यांतच उत्पन्न होतो. स्तन-कर्करोगाच्या एकूण रुग्णांत पुरुषांचे प्रमाण सु. १ टक्का असते. या विरळपणामुळे रोग फार पूर्वीपासून ज्ञात असूनही त्याचा स्वतंत्र अभ्यास उशिरा सुरू झाला आणि उपचार बव्हंशी स्त्री-रुग्णांवरील अनुभवावरूनच ठरत गेले.

ईजिप्तमधील इ. स. पू. सु. १६०० च्या सुमाराच्या एडविन स्मिथ पपायरसातील ४५ व्या रुग्णवृत्तांतात छातीवरील उंचवट्यासारख्या गाठींचे वर्णन असून त्यांवर उपचार नाही, असा निर्णय दिलेला आहे. या ग्रंथात रुग्णाचा उल्लेख सर्वत्र पुल्लिंगी असल्यामुळे हा विशिष्ट रुग्ण पुरुषच होता, असे मात्र निश्चित म्हणता येत नाही. चौदाव्या शतकातील इंग्रज शस्त्रवैद्य जॉन ऑफ आर्डर्न याने एका धर्मोपदेशकाच्या स्तनाग्राशी वाढलेल्या गाठीची हकीकत लिहिली आहे. ती या रोगाची पहिली स्पष्ट नोंद मानली जाते. गाठ कापू नये, असाच सल्ला त्याने दिला होता.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विल्यम हॉल्स्टेड यांनी स्तन, छातीचे स्नायू व काखेतील लसीका ग्रंथी एकत्रितपणे काढून टाकण्याची मूलगामी शस्त्रक्रिया रूढ केली. ती पुरुषांनाही लागू करण्यात आली. पुरुषांत स्तन-ऊतक थोडे असल्याने गाठ त्वचेपर्यंत व स्नायूंपर्यंत लवकर पोहोचते. शिवाय हा स्त्रियांचा रोग असल्याच्या समजुतीमुळे रुग्ण उशिरा येत. १९२७ मध्ये वेनराइट यांनी प्रसिद्ध केलेले ४१८ रुग्णांचे संकलन हा या विखुरलेल्या अनुभवाचा एक महत्त्वाचा आढावा होय.

ग्लासगो येथील जॉर्ज बीटसन यांनी १८९६ मध्ये अंडाशय काढल्याने काही स्त्रियांत रोग ओसरतो, असे दाखविले होते. १९४२ मध्ये न्यूयॉर्कमधील फॅरो व अडेअर यांनी वृषणे काढल्यानंतर एका पुरुषाच्या हाडांत पसरलेला रोग मागे हटल्याचे नोंदविले. पुरुषांतील रोगही हॉर्मोनांवर अवलंबून असतो, हे यावरून दिसले. मात्र या उपचाराची शारीरिक व मानसिक किंमत मोठी होती. स्त्रीमदजनाच्या क्रियेला अवरोध करणाऱ्या टॅमॉक्सिफेन या औषधास १९७७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. पुढे पुरुषांतही ते वापरले जाऊ लागल्यावर वृषणोच्छेदन मागे पडले.

१९९५ मध्ये बीआरसीए-२ हे जनुक ओळखले गेले. त्यातील आनुवंशिक दोषामुळे पुरुषांतही या रोगाचा धोका बराच वाढतो. त्यामुळे पुरुष-रुग्णाचे निदान त्याच्या मुलींच्या व बहिणींच्या दृष्टीनेही महत्त्वाचे ठरते. क्लाइनफेल्टर लक्षणसमूहात (पुरुषात एक्स गुणसूत्र अधिक असण्याच्या विकृतीत) देखील धोका अधिक असतो.

अनेक देशांतील १,४८३ पुरुषांच्या, १९९० ते २०१० या काळातील नोंदींचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी सु. ९९ टक्के रुग्णांच्या अर्बुदांत स्त्रीमदजन-ग्राही आढळले. हे प्रमाण स्त्रियांतील प्रमाणापेक्षा बरेच जास्त असल्याने हा रोग स्त्रियांच्या रोगाची केवळ प्रतिकृती नव्हे, हे स्पष्ट झाले. तथापि औषधांच्या बहुतेक चाचण्यांतून पुरुषांना वगळले जात असे. २०१९ मध्ये पॅल्बोसायक्लिब या औषधाचा पुरुषांतील वापर अमेरिकेत मान्य झाला. परंतु त्यासाठी प्रत्यक्ष उपचारांच्या नोंदींचा आधार घ्यावा लागला. चाचण्यांत पुरुषांचा समावेश करावा, अशी मार्गदर्शक सूचना तेथील औषध-नियामक संस्थेने २०२० मध्ये काढली.

स्तनाग्रामागील वेदनारहित कठीण गाठ, स्तनाग्र आत ओढले जाणे, त्यातून रक्तमिश्रित स्राव येणे व त्यावर व्रण पडणे ही प्रमुख लक्षणे होत. पुरुषांसाठी सार्वत्रिक चाळणी-तपासणी केली जात नाही. त्यामुळे रुग्णाने संकोच न बाळगता या लक्षणांची वेळीच दखल घेणे, हाच शीघ्र निदानाचा मुख्य मार्ग होय.