तळटीप : ‘रायफलीचा परवाना’

* वाडीजवळ अंबाझरीची आयुध निर्माणी असल्यामुळे रायफल तिथूनच मिळत असावी, असे वाचकाला वाटू शकते. पण नागरिकांना मिळणारी .३१५ बोअरची रायफल मूळची बंगालमधील ईशापूरची. .३०३ लष्करी बोअरची म्हणून निषिद्ध, तिची परवानगी केंद्राच्या हाती. .३१५ साठी वाडीकराचा अर्ज नागपूर पोलीस आयुक्तांकडे जातो; पोलीस चौकशी होते आणि परवाना हाती आल्यावरच खरेदी करता येते. १९५९च्या शस्त्र अधिनियमातला एक भेद इथे महत्त्वाचा आहे, आणि तो फारसा कुणी सांगत नाही. स्वसंरक्षणासाठी वीस इंची किंवा त्याहून लांब, गुळगुळीत नळीची बंदूक, किंवा पीक राखायला ठासणीची बंदूक मागणाऱ्याकडे कायदा सौम्यपणे पाहतो. नळीत आटे असलेल्या रायफलीसाठी मात्र ‘सबळ कारण’ पटवावे लागते. १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकारीवर निर्बंध आले आणि १९९१च्या दुरुस्तीनंतर ते कारण जवळजवळ उरलेच नाही. २०१९च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आली, परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली. प्रस्तुत प्रसंग त्याआधीचा असल्याने घरातली तिसरी बंदूक बेकायदा समजू नये. — संपा.